एक पिक्सेल म्हणजे किती मायक्रोसेकंद? औद्योगिक कॅमेऱ्याचा बाह्य ट्रिगर आणि टायमिंग जुळवण्याची पद्धत

बेल्टवरून बाटल्या धावताहेत, कॅमेरा प्रत्येक झाकणाचा फोटो काढतोय, आणि स्क्रीनवर झाकण कधी डावीकडे, कधी उजवीकडे, कधी अर्धं कापलेलं दिसतंय. अशा वेळी पहिला हात जातो तो सॉफ्टवेअरकडे. शोधायचा चौकोन मोठा करतात, थ्रेशोल्ड, म्हणजे पास-नापासची मर्यादा, सैल करतात. मग झाकण सापडतं खरं, पण त्यासोबत खराब झाकणंही पास व्हायला लागतात. दुखणं मात्र तसंच राहतं, कारण ते सॉफ्टवेअरमध्ये नसतंच. फोटो चुकीच्या क्षणी काढला गेलेला असतो.

भोसरी-चाकण पट्ट्यात व्हिजन सिस्टिम बसवताना मी हे इतक्या वेळा पाहिलंय, की आता कुठल्याही लाइनवर गेलो की कॅमेऱ्याचं सॉफ्टवेअर उघडण्याआधी सेन्सरची वायर कुठे जाते ते बघतो. वस्तू समोर आली की हा सेन्सर ‘आता फोटो काढ’ असा सिग्नल देतो, त्यालाच ट्रिगर म्हणतात. या लेखात एकच उदाहरण शेवटपर्यंत धरून चालू या: पाण्याच्या पेट प्लास्टिकच्या बाटल्यांची लाइन, आणि झाकण नीट बसलंय का हे बघणारा एक कॅमेरा. यातली पद्धत गोळ्यांच्या स्ट्रिपला लागू पडते, बेअरिंगला पडते आणि बिस्किटालाही पडते.

आधी कागद-पेन्सिल

मिनिटाला ३०० बाटल्या, म्हणजे सेकंदाला ५. एका बाटलीच्या मध्यापासून दुसरीच्या मध्यापर्यंत १०० मिमी. म्हणजे बेल्टचा वेग सेकंदाला ५०० मिमी. झाकण २८ मिमी व्यासाचं. कॅमेरा १४४० बाय १०८० पिक्सेलचा, आणि लेन्स अशी की आडवं दृश्य ७२ मिमी मिळतं. ७२ ला १४४० नं भागलं की एक पिक्सेल ०.०५ मिमी.

आता खरा आकडा. ०.०५ मिमी अंतर कापायला झाकणाला किती वेळ लागतो? ०.०५ भागिले ५००, म्हणजे १०० मायक्रोसेकंद.

हा आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा: या लाइनवर १ पिक्सेल म्हणजे १०० मायक्रोसेकंद. पुढचा प्रत्येक निर्णय यावरूनच होतो. एक्सपोजर, म्हणजे एका फोटोसाठी कॅमेरा जितका वेळ प्रकाश घेतो तो, १०० मायक्रोसेकंद ठेवलं तर कडा एक पिक्सेल पुसट होणार. ५० ठेवलं तर अर्धा. सेन्सरनं कधी लवकर कधी उशिरा असा १ मिलिसेकंदाचा घोळ घातला, तर झाकण १० पिक्सेल सरकलेलं दिसणार. पीएलसीचा (लाइन चालवणाऱ्या कंट्रोलरचा) स्कॅन, म्हणजे त्याच्या प्रोग्रॅमची एक फेरी, १० मिलिसेकंदांची असेल आणि ट्रिगर त्यातून जात असेल, तर १०० पिक्सेल, म्हणजे ५ मिमी. २८ मिमीच्या झाकणावर ५ मिमीचा हा गोंधळ निस्तरायला कुठलंही सॉफ्टवेअर अपुरंच पडतं.

दुसरा भाग याहून महत्त्वाचा. सेन्सरपुढे झाकण आल्यापासून कॅमेऱ्याचं एक्सपोजर सुरू होईपर्यंत जो वेळ जातो त्यात दोन गोष्टी मिसळलेल्या असतात. एक ठरलेला उशीर, आणि दुसरा बदलता उशीर, ज्याला आपण सगळे जिटर म्हणतो. ठरलेला उशीर कितीही असो, सेन्सर थोडा मागे-पुढे सरकवला की हिशेब जुळतो. जिटर मात्र कुठल्याही सेटिंगनं वजा करता येत नाही, कारण पुढच्या बाटलीला तो किती असेल हे कुणालाच ठाऊक नसतं.

पण ठरलेला उशीरही पूर्ण निरुपद्रवी नाही. बेल्टचा वेग बदलला की तो त्रास देतो. म्हणून मी दोन गुणाकार करतो. जिटर गुणिले वेग, ही पहिली चूक. ठरलेला उशीर गुणिले वेगातला फरक, ही दुसरी. दोन्हींची बेरीज मिलिमीटरमध्ये येते, आणि तेवढं झाकण फ्रेममध्ये हलणार हे आधीच कळतं.

करून बघा. जागा नव्हती म्हणून सेन्सर कॅमेऱ्याच्या मध्यापासून ६० मिमी आधी बसवला, आणि कॅमेऱ्यात १२० मिलिसेकंदांचा ट्रिगर डिले, म्हणजे ट्रिगर आल्यावर मुद्दाम थांबण्याचा वेळ, टाकला. ५०० च्या वेगाला झाकण अगदी मध्यात. दुपारी ऑपरेटरनं ड्राइव्हवरून (मोटरचा वेग ठरवणाऱ्या उपकरणावरून) वेग १० टक्के कमी केला. आता १२० मिलिसेकंदांत झाकण फक्त ५४ मिमी पुढे गेलं. ६ मिमी मागे, म्हणजे १२० पिक्सेल. जिटर शून्य असूनही!

यावरून पहिला नियम निघतो: सेन्सर शक्य तितका कॅमेऱ्याच्या दृश्याच्या मध्यरेषेजवळ आणा, आणि डिले शक्य तितका शून्याजवळ ठेवा. ते जमत नसेल तर वेळ मोजू नका, एन्कोडरवर, म्हणजे बेल्ट किती सरकला ते पल्समध्ये सांगणाऱ्या उपकरणावर, अंतर मोजा. त्याकडे पुढे येतोच.

सेन्सर निवडताना आणि बसवताना

साध्या फोटो सेन्सरच्या कागदावर रिस्पॉन्स टाइम ०.५ किंवा १ मिलिसेकंद लिहिलेला असतो. बहुतेक फोटो सेन्सरांचा प्रकाश सलग नसतो, तो ठोक्याठोक्यानं येतो, आणि झाकणाची कड कुठल्या दोन ठोक्यांच्या मध्ये आली यावर आउटपुट थोडं लवकर किंवा थोडं उशिरा बदलतं. म्हणजे रिस्पॉन्स टाइमचा एक भाग ठरलेला उशीर असतो आणि एक भाग जिटर. फायबर ॲम्प्लिफायरला (प्रकाश ऑप्टिकल फायबरमधून नेणाऱ्या सेन्सरला) हाय-स्पीड मोड असतो, त्यात हा वेळ काही दहा मायक्रोसेकंदांवर येतो. त्या बदल्यात पकडण्याचं अंतर कमी होतं. आपल्या लाइनवर ५ पिक्सेलचा घोळ चालणार असेल तर ०.५ मिलिसेकंदाचा साधा सेन्सर पुरतो. उगाच महाग घेऊ नका.

महागड्या सेन्सरपेक्षा जास्त फरक पडतो तो सेन्सर काय बघतोय याने. याचा धडा मला एका पाण्याच्या बाटलीच्याच लाइनवर मिळाला. सेन्सर बाटलीच्या अंगावर नेम धरून बसवला होता. रिकाम्या बाटल्यांवर ट्रायल झकास गेली. पाणी भरलेल्या बाटल्या आल्या आणि दर बाटलीला कधी एक फोटो, कधी दोन. मेंटेनन्सवाल्यांचं म्हणणं वायरिंग सैल आहे. टर्मिनल सगळे आवळले, फरक शून्य. शेवटी बेल्ट थांबवला आणि एक भरलेली बाटली हातानं मिलिमीटर मिलिमीटर सरकवत सेन्सरचा लाल दिवा बघत बसलो. पुढची भिंत आली, दिवा लागला. बाटलीचा मधला भाग आला, दिवा विझला. मागची भिंत आली, पुन्हा लागला. पाणी भरलेली गोल बाटली भिंगासारखं काम करते. किरण मध्यातून सरळ आरपार जातो आणि कडांना वळतो. सेन्सर खरं तेच सांगत होता. त्याला विचारलेला प्रश्न चुकला होता.

सेन्सर ८ सेमी वर घेतला, अपारदर्शक झाकणावर नेम धरला. दोन फोटो पडणं त्या दिवसापासून थांबलं. शिवाय ज्या वस्तूचा फोटो हवा तिच्यावरूनच ट्रिगर मिळायला लागल्यानं, बाटली थोडी कललेली असली तरी झाकण फ्रेममध्ये जागच्या जागी यायला लागलं.

अशा दुहेरी ट्रिगरवर कॅमेऱ्यातला डिबाउन्सर वाढवणं हा उपाय नाही. ६५ मिमीच्या बाटलीच्या दोन भिंती ५०० च्या वेगाला साधारण १३० मिलिसेकंदांच्या अंतरानं येतात. डिबाउन्सर मायक्रोसेकंदांचे खरखरीत ठोके गाळायला असतो.

वायर: पीएलसीला वळसा घाला

सेन्सर पीएलसीच्या इनपुटला, आणि पीएलसीच्या आउटपुटवरून कॅमेऱ्याला ट्रिगर, ही मांडणी ड्रॉइंगवर नेटकी दिसते. प्रत्यक्षात सिग्नल आधी इनपुट कार्डाच्या फिल्टरमध्ये काही मिलिसेकंद थांबतो, मग स्कॅनची वाट बघतो, मग आउटपुट अपडेट व्हायची. आउटपुट कार्ड रिलेचं असेल तर काँटॅक्ट हलायला आणखी काही मिलिसेकंद जातात, आणि लागताना तो थरथरतो ते वेगळंच. यातलं बरंचसं जिटर आहे.

म्हणून सेन्सरची वायर थेट कॅमेऱ्याला न्या. त्याच वायरची समांतर जोडणी पीएलसीलाही द्या, म्हणजे तो बाटल्या मोजेल आणि रिजेक्शनचा हिशेब ठेवेल. मोजायला १० मिलिसेकंदांचा उशीर चालतो. फोटोला चालत नाही. संगणकावरून सॉफ्टवेअर ट्रिगर देण्याचा मोह तर धावत्या वस्तूसाठी टाळाच. साधी विंडोज कधी १ मिलिसेकंदात उत्तर देईल आणि कधी दुसऱ्याच कामात अडकेल. वस्तू थांबलेली असते अशा फिक्स्चरवर सॉफ्टवेअर ट्रिगर खुशाल वापरा.

कॅमेऱ्याच्या आयओ कनेक्टरवर सहसा दोन जातींचे इनपुट असतात. एक ऑप्टो-आयसोलेटेड (थोडक्यात ऑप्टो), ज्यात सिग्नल आतमध्ये प्रकाशातून जातो आणि जो २४ व्होल्टच्या सेन्सरला सरळ जोडता येतो. दुसरा थेट जीपीआयओ (मध्ये ऑप्टो नसलेली साधी इनपुट-आउटपुट पिन), जो वेगवान असतो, पण अनेक मॉडेलांत कमी व्होल्टेजच्या पातळीसाठी बनवलेला असतो. मॅन्युअलमधला पिनचा तक्ता न बघता त्यावर २४ व्होल्ट लावले तर ती पिन जळू शकते. वायरच्या रंगावरून अंदाज बांधू नका, पिन नंबर मोजा. आणि कनेक्टरचं चित्र कॅमेऱ्याच्या बाजूनं काढलंय की केबलच्या बाजूनं, हेही तपासा; आरशातल्यासारखी उलटी जोडणी मी एकाहून जास्त वेळा उकललीय.

पीएनपी सेन्सर, म्हणजे आउटपुटवर २४ व्होल्ट देणारा, असेल तर आउटपुट ऑप्टोच्या प्लस पिनला आणि ऑप्टोची ग्राउंड पिन २४ व्होल्टच्या मायनसला. एनपीएन, म्हणजे आउटपुट मायनसकडे ओढणारा, असेल तर उलट: ऑप्टोची प्लस पिन २४ व्होल्टला, ग्राउंड पिन सेन्सरच्या आउटपुटला. पण काही कॅमेऱ्यांत इनपुट आणि आउटपुट ऑप्टोचं ग्राउंड एकच असतं. तिथे एनपीएनची ही जोडणी केली की स्ट्रोबचं (फोटोपुरत्या झटक्यानं पेटणाऱ्या लाइटचं) आउटपुटही सेन्सरसोबत वर-खाली व्हायला लागतं. नव्या लाइनवर निवड हातात असेल तर पीएनपी घ्या.

ऑप्टोची आणखी एक खोड लक्षात ठेवा. तो चालू होतो पटकन, बंद होतो सावकाश. चालू व्हायला काही मायक्रोसेकंद पुरत असतील, तर बंद व्हायला काही दहा लागू शकतात. म्हणून ट्रिगर नेहमी ऑप्टो चालू होण्याच्या कडेवर घ्या.

केबल शिल्डेड ट्विस्टेड पेअर वापरा, आणि ड्राइव्हपासून मोटरकडे जाणाऱ्या केबलच्या ट्रेमध्ये ती टाकू नका. बेल्ट बंद असताना फोटो पडत नाहीत, मोटर सुरू होतानाच दोन-तीन फुकटचे फोटो पडतात, असं दिसलं तर सेन्सर बदलू नका. केबलची वाट बदला.

कॅमेऱ्यातली सेटिंग, याच क्रमानं

आजचे बहुतेक औद्योगिक कॅमेरे जेनआयकॅम या मानकाप्रमाणे चालतात, त्यामुळे ब्रँड कुठलाही असला तरी नावं जवळपास सारखी मिळतात. क्रम महत्त्वाचा आहे, कारण वरची निवड बदलली की खालच्या सगळ्या किमती वेगळ्या ट्रिगरच्या होतात.

सर्वांत आधी ट्रिगर सिलेक्टर: फ्रेम स्टार्ट. जुन्या मॉडेलांत ॲक्विझिशन स्टार्ट नावाचा दुसरा ट्रिगरही असतो. तो चुकून ऑन राहिला तर कॅमेरा दोन वेगवेगळ्या सिग्नलांची वाट बघत बसतो आणि वायरिंग बरोबर असूनही एकही फोटो येत नाही. तो ऑफ आहे ना, हे सिलेक्टर बदलून बघा. मग ट्रिगर मोड ऑन. सोर्स: कॅमेऱ्याच्या ज्या इनपुट लाइनवर वायर आहे ती. मग ॲक्टिव्हेशन: रायझिंग एज की फॉलिंग एज, म्हणजे सिग्नलची चढती कड की उतरती.

कड चुकली तर फोटो येतात, पण झाकणाची पुढची कड सेन्सरला लागण्याऐवजी मागची कड सोडून गेल्यावर येतात. याची खूण ओळखायला सोपी आहे. झाकण एका व्यासाएवढं, आपल्या उदाहरणात २८ मिमी, पुढे निघून गेलेलं आणि फ्रेमबाहेर कापलेलं दिसतं. असं दिसलं की डिलेशी खेळत बसू नका. कड बदला, किंवा सेन्सरवरचा लाइट-ऑन डार्क-ऑन (प्रकाश मिळाल्यावर चालू की अडल्यावर चालू) स्विच बघा.

डिबाउन्सर. झाकण सेन्सरपुढे २८ भागिले ५००, म्हणजे ५६ मिलिसेकंद असतं. सिग्नल इतका लांब आहे म्हटल्यावर डिबाउन्सर १०० मायक्रोसेकंद ठेवायला काहीच हरकत नाही. डिबाउन्सर जेवढा, तेवढा उशीर प्रत्येक ट्रिगरला लागतो, पण तो ठरलेला असतो. इथे तो एक पिक्सेल. खोटे ट्रिगर गाळण्याच्या बदल्यात एवढी किंमत मी आनंदानं देतो.

एक्सपोजर मोड टाइम्ड ठेवा. ट्रिगर विड्थ नावाचा मोड असतो, ज्यात सिग्नल जितका वेळ चालू तितकं एक्सपोजर. पण ऑप्टो सावकाश बंद होत असल्यानं ५० मायक्रोसेकंदांच्या एक्सपोजरला तिथे भरवसा राहत नाही. ऑटो एक्सपोजर आणि ऑटो गेन (सिग्नल आपोआप वाढवून फोटो उजळवणं) दोन्ही बंद.

आणि शेवटची गोष्ट, जी विसरली जाते: हे सगळं कॅमेऱ्याच्या मेमरीतल्या युजर सेटमध्ये सेव्ह करा आणि पॉवर आल्यावर तोच सेट लोड होईल असं ठरवा. नाहीतर लाइट गेली आणि आली की कॅमेरा फ्री रनमध्ये जागा होतो, बाटली असो-नसो फोटो काढत सुटतो, आणि रात्रपाळीचा फोन येतो.

शटरबद्दल थोडक्यात. धावत्या वस्तूला ग्लोबल शटर घ्या, ज्यात सगळ्या ओळी एकदम उघडतात. रोलिंग शटरमध्ये ओळी एकामागून एक उघडतात. १०८० ओळींना प्रत्येकी १५ मायक्रोसेकंद धरले तरी पहिल्या आणि शेवटच्या ओळीत साधारण १६ मिलिसेकंदांचं अंतर पडतं, आणि तेवढ्यात झाकण ८ मिमी पुढे गेलेलं असतं. गोल झाकण तिरकं दिसतं. एक्सपोजर कमी करून हे जात नाही.

प्रकाश: एक्सपोजर दार, स्ट्रोब पाहुणा

५० मायक्रोसेकंदांत पुरेसा उजेड मिळवायचा तर एलईडी लाइट स्ट्रोब कंट्रोलरवरून झटक्यानं पेटवावी लागते. कॅमेऱ्याचं एक आउटपुट एक्सपोजर ॲक्टिव्हला (एक्सपोजर सुरू असेपर्यंत चालू राहणाऱ्या सिग्नलला) लावायचं आणि ते कंट्रोलरच्या ट्रिगर इनपुटला द्यायचं, ही नेहमीची रीत. हे आउटपुट थेट लाइटला जोडायचं नाही. त्याची करंट द्यायची ताकद फारच थोडी असते. ते ओपन कलेक्टर, म्हणजे फक्त मायनसकडे ओढणारं, असल्यास वर ओढायला पुल-अप रेझिस्टर लागेल.

अडचण अशी की हे आउटपुटही ऑप्टोमधूनच जातं. एक्सपोजर सुरू झालं, आउटपुट २० मायक्रोसेकंदांनी बदललं, कंट्रोलरनं आणखी थोडे घेतले, आणि लाइट पेटेपर्यंत ५० पैकी निम्मं एक्सपोजर संपलेलं. फोटो काळपट येतो, मग कुणीतरी गेन वाढवतं आणि फोटोत दाणे उतरतात.

माझी पद्धत: एक्सपोजर १५० मायक्रोसेकंद, स्ट्रोब ५०. लाइट थोडी उशिरा लागली तरी पूर्ण स्ट्रोब उघड्या दारातच पडतो. कडा किती पुसट होणार हे आता स्ट्रोबवर ठरतं, एक्सपोजरवर नाही, कारण उरलेल्या १०० मायक्रोसेकंदांत अंधारच असतो. हे खरं ठरावं म्हणून बाहेरचा उजेड अडवणारं हूड लावा. शेडमधल्या ट्यूबलाइटचा उजेड आपल्या ५० हर्ट्झच्या सप्लायवर सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. हूड नसेल तर एक फोटो उजळ आणि एक मंद येतो, आणि त्याचं कारण प्रोग्रॅममध्ये शोधत दिवस जातो.

पुढचा ट्रिगर लवकर आला तर?

कॅमेरा आधीचा फोटो वाचत असताना ट्रिगर आला तर तो मुकाट्यानं टाकून दिला जाऊ शकतो. आपल्या रिझोल्यूशनचा ८ बिट मोनो फोटो साधारण १५.५ लाख बाइटांचा. गिगाबिट इथरनेटवरून जायला सुमारे १३ मिलिसेकंद. बाटल्या २०० मिलिसेकंदांनी येतात, अडकून एकमेकींना चिकटल्या तरी १३० नं. म्हणजे इथे भरपूर वाव आहे. पण मोठा सेन्सर असेल, किंवा एकाच पोर्टवर चार कॅमेरे असतील, तर हा हिशेब सरासरीवर करू नका. सर्वांत जवळ आलेल्या दोन वस्तूंवर करा. फ्रेम ट्रिगर वेट नावाचा सिग्नल कॅमेरा देतो, तो आउटपुटवर आणला की कॅमेरा तयार आहे का ते दिसतं.

मोजून बघा

इथवर सगळा अंदाज होता. आता स्कोप, म्हणजे ऑसिलोस्कोप, लावा. पहिल्या चॅनेलवर सेन्सरचं आउटपुट, दुसऱ्यावर कॅमेऱ्याचं एक्सपोजर ॲक्टिव्ह. पहिल्या चॅनेलच्या चढत्या कडेवर स्कोप ट्रिगर करा आणि पर्सिस्टन्स अनंत ठेवा, म्हणजे जुनी रेघ पुसली न जाता नवी तिच्यावर बसत जाते. बेल्ट दहा मिनिटं चालू द्या, तोवर चहा घेऊन या. परत आल्यावर दुसऱ्या चॅनेलची कड एका बारीक रेघेसारखी दिसली तर वायर आणि कॅमेरा ठीक. जाड पट्टा झाला असेल, तर त्या पट्ट्याची रुंदी म्हणजेच तुमचा जिटर. दोन कडांमधलं अंतर म्हणजे ठरलेला उशीर. तो डिबाउन्सरच्या किमतीपेक्षा थोडा जास्त यायला हवा.

स्कोप सेन्सरच्या आतला घोळ मात्र दाखवत नाही. त्यासाठी फोटोंनाच विचारा. एकच बाटली घ्या, तिच्यावर खूण करा, आणि ती पूर्ण वेगानं शंभरदा पाठवा. प्रत्येक फोटोत झाकणाच्या डाव्या कडेचा पिक्सेल नोंदवा. मग आकड्यांचा आकार बघा:

सगळे ४–५ पिक्सेलच्या आत असतील तर काम झालं.

१०० पिक्सेलवर सपाट पसरलेले असतील, तर मध्ये कुठेतरी १० मिलिसेकंदांचा स्कॅन लपलेला आहे. कुणीतरी वायर पीएलसीमधून नेलीय.

दोन वेगळे ढीग पडले असतील तर सेन्सर कधी एक कड पकडतोय, कधी दुसरी. झाकणाची आणि त्याखालच्या सील रिंगची, असं बहुधा असतं. नेम थोडा वर-खाली करा.

सकाळपासून दुपारपर्यंत सावकाश सरकत गेले असतील तर बेल्टचा वेग बदलतोय आणि तुमचा डिले लांब आहे.

बाकी सगळे जागेवर आणि एखाददुसराच भलतीकडे असेल, तर तो नॉइज. केबलची वाट आठवा.

ही शंभर फोटोंची चाचणी मी कितीही घाई असली तरी सोडत नाही. तासभर जातो, पण पुढचे आठवडे वाचतात.

एन्कोडर आणि रिजेक्शन

खराब बाटली बाहेर ढकलणारा रिजेक्ट सिलिंडर कॅमेऱ्यापासून ८०० मिमी पुढे आहे. म्हणजे निकाल लागून बाटली तिथे पोचेपर्यंत मध्ये ८ बाटल्या रांगेत असतात. इथे वेळ मोजली तर बेल्ट थांबला की सगळं फसतं. एन्कोडर लावा, आणि तो मोटरच्या शाफ्टवर नको. बेल्टवर टेकणाऱ्या चाकाला लावा, म्हणजे घसरण मोजणीत येत नाही. चाकाचा परीघ २०० मिमी आणि एन्कोडर १००० पल्सचा असेल, तर ए आणि बी या त्याच्या दोन्ही फेजच्या (सिग्नलांच्या) चारही कडा मोजून फेरीला ४००० काउंट मिळतात. एक काउंट ०.०५ मिमी, बरोबर आपला एक पिक्सेल. ८०० मिमी म्हणजे १६,००० काउंट. सेन्सर ६० मिमी मागे ठेवावाच लागला असेल, तर त्याचेही १,२०० काउंट. काही कॅमेऱ्यांत हा काउंटर आतच असतो, नसेल तर पीएलसीचं हाय-स्पीड काउंटर कार्ड थेट आउटपुट देऊ शकतं. दोन्ही फेज जोडा. एकच जोडली तर बेल्ट थांबताना मागे-पुढे डुलतो तेही पुढे गेल्यासारखं मोजलं जातं.

आता सर्वांत धोक्याची जागा. पीएलसीनं मोजलेली बाटली आणि कॅमेऱ्यानं काढलेला फोटो यांची जोडी एकदा चुकली, की त्यानंतरचा प्रत्येक निकाल शेजारच्या बाटलीला लागतो. चांगली बाटली फेकली जाते आणि सैल झाकणाची बाटली पेटीत जाते. स्क्रीनवर मात्र सगळं हिरवं-लाल व्यवस्थित दिसत राहतं. म्हणून प्रत्येक फोटोसोबत त्याचा क्रमांक आणि टाइमस्टॅम्प घ्या, आणि दर बाटलीला पीएलसीच्या आकड्याशी ताडून बघा. एकाचाही फरक पडला तर रांगेतल्या सगळ्या बाटल्या रिजेक्ट करा आणि मोजणी नव्यानं सुरू करा.

यात एक सापळा आहे. इथरनेटवरच्या कॅमेऱ्यांसाठी २००६ साली आलेल्या गिगई व्हिजन मानकाच्या १.x आवृत्त्यांत फ्रेमचा क्रमांक १६ बिटांचा असतो. तो ६५,५३५ पर्यंत जातो आणि मग पुन्हा १ वर येतो, शून्यावर नाही. मिनिटाला ३०० बाटल्यांना हा टप्पा साधारण ३ तास ३८ मिनिटांनी येतो. तासाभराच्या ट्रायलमध्ये तो कधीच दिसत नाही. पहिल्या पाळीच्या मध्यावर दिसतो. २.० आवृत्तीत हा क्रमांक ६४ बिटांचा झाला, पण कॅमेरा कुठल्या रीतीनं चालतोय हे बघूनच कोड लिहा.

एकाहून जास्त कॅमेरे, आणि लाइन स्कॅन

झाकणाभोवती चार कॅमेरे असतील तर एकाच सेन्सरची वायर चौघांना वाटून देणं सर्वांत सोपं आणि भरवशाचं. सेन्सरचं आउटपुट चार ऑप्टोंचा करंट पेलतंय का तेवढं बघा. एकमेकांच्या लाइट डोळ्यांत जात असतील तर प्रत्येकाला काहीशे मायक्रोसेकंदांचा वेगळा डिले द्या. कॅमेरे लांब-लांब असतील, तर आयईईई १५८८ म्हणजे पीटीपीनं त्यांची घड्याळं नेटवर्कवरून जुळवता येतात आणि अमुक क्षणी फोटो काढा असा आदेश आधीच पाठवता येतो. नेटवर्क स्विच पीटीपी समजणारा असेल तर घड्याळं मायक्रोसेकंदाच्या आसपास जुळतात. पण बाटली त्या क्षणी तिथे असेल याची हमी घड्याळ देत नाही, म्हणून सेन्सर सुटत नाही.

लाइन स्कॅन कॅमेरा एकेक ओळ घेत चित्र बनवतो, त्यामुळे त्यात प्रत्येक ओळीला ट्रिगर लागतो. आपल्याच वेगाला आणि ०.०५ मिमीच्या पिक्सेलला सेकंदाला १०,००० ओळी, आणि एका ओळीला १०० मायक्रोसेकंद. एक्सपोजर त्याहून कमी आणि स्थिर ठेवा, म्हणजे बेल्ट हळू झाला तरी चित्राचा उजेड बदलत नाही.

हस्तांतराच्या दिवशी

तीन गोष्टी ऑपरेटरसमोर करा. बेल्टचा वेग कमीत कमी आणि जास्तीत जास्त करून झाकण फ्रेममध्ये राहतं का दाखवा. मुद्दाम सैल झाकणाच्या पाच बाटल्या मध्ये पेरा, बेल्ट मधूनच थांबवून पुन्हा सुरू करा, आणि नेमक्या त्याच पाच बाहेर पडतात का मोजा. आणि पॅनेलचा मेन स्विच बंद करून, मिनिटभर थांबून, पुन्हा चालू करा. कुणीही कीबोर्डला हात न लावता लाइन सुरू झाली पाहिजे.

मग एका कागदावर सेन्सरचं अंतर, ट्रिगरची कड, डिबाउन्सर, डिले, एक्सपोजर, स्ट्रोब, एन्कोडरचे काउंट आणि शंभर फोटोंतला सर्वांत कमी व सर्वांत जास्त पिक्सेल लिहा. तारीख टाका, प्लास्टिकच्या पाकिटात घाला आणि पॅनेलच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा. सहा महिन्यांनी कुणीतरी सेन्सरचा ब्रॅकेट बदलेल, तेव्हा त्याला तो कागद सापडायला हवा.